कॅरिअर

एसटीत बायांचं तिकीट अर्धं झालं आणि धाडच्या स्टँडवरच्या काळीपिवळ्या जीपा एकेक करून विकल्या गेल्या. उरली ती एकट्या गोविंदाची जीप. डिझेल वाचलं तरच तीही टिकणार होती. मग मोबाइलमध्ये बघून बघून त्यानं गाडीच्या पोटाखाली सपाट पत्रा ठोकला, मागच्या चाकांवर झाकणं बसवली, आणि हवा सगळ्यात जास्त टपावरच्या कॅरिअरलाच अडते म्हणून तेही कापून भंगारात देऊन टाकलं. बुलडाण्याला एक रिकामी खेप मारून आला, तर डिझेलचा काटा जेमतेम हलला होता. कित्येक महिन्यांनी गोविंदा पोटभर जेवला.

सकाळी मंजुळाबाई आली, मागं आणखी चौघी. प्रत्येकीच्या डोक्यावर वांग्यांनी भरलेली टोपली.

"बसा मावशी! गाडी आता हवेवानी पळते."

मंजुळाबाईनं उघड्या टपाकडं पाहिलं. "अन् टोपल्या कुठी ठेवू रे?"

गोविंदाची नजर टपावर गेली.

"एसटीत कंडक्टर टोपल्या चढू देत नाही. अर्धं तिकीट सोडून आमी तुह्या गाडीत काऊन येत होतो बाप्पा? त्या कॅरिअरसाठीच ना!"