लॅपटॉपची वाटणी

वडील गेल्यावर दोघा भावांनी अगदी चमच्यांपर्यंत सगळं वाटून घेतलं. वडिलांचा लॅपटॉप मात्र मधोमध कापता येईना. थोरल्याला त्यातलं विंडोज काढून लिनक्स घालायचं होतं.

"बाबांनी ठेवलेलं काढायचं नाही," धाकटा गुरगुरला. "तू कोण ठरवणारा?"

"मोठा आहे मी."

"हो, नुसता वयाने."

घरी बोलावलेला दुरुस्तीवाला वैतागला. "भांडू नका. डिस्कचे दोन सारखे भाग करतो. एकात लिनक्स, दुसऱ्यात विंडोज. ज्याने त्याने आपापलं उघडायचं, दुसऱ्याच्यात डोकावायचं नाही."

दोघेही स्क्रीनवर वाकले आणि समोरच्याला कणभरही जास्त गेलेलं नाही, याची खात्री करून मगच मागे सरकले.

"आता एवढंच राहिलं," दुरुस्तीवाला म्हणाला. "वडिलांच्या आवाजातली ही गाणी. बरीच जागा खातायत."

"तेवढी पुसू नका हं," खुर्चीतून आई घाईघाईने म्हणाली. "दुपारी मी तीच ऐकत बसते."

"नाही पुसत, मावशी. फक्त कुणाच्या भागात ठेवू, ते सांगा."

 

दोघा भावांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.