आमरसाची रजा

बावन्न सालच्या वैशाखात मधू फणसेला कल्याणच्या सासुरवाडीहून आमरसाचं बोलावणं आलं. ठाण्याच्या कचेरीतून सुटायचं म्हणून तो पोट धरून हेडक्लार्क टिपणीसांपुढे उभा राहिला.

"साहेब, सकाळपासून जुलाब होताहेत हो. रजा द्या."

"रजा कशाला? केमिस्टाकडचं जालीम औषध आहे की!" टिपणीसांनी वरच्या खणातून बाटली काढली, समोर उभं राहून दोन चमचे पाजले आणि त्याला कामाला बसवलं.

आमरस हुकला. वर तीन दिवस पोट दगडासारखं गच्च. एवढी अक्कल खात्याच्या परीक्षेत चालवली असती तर आज साहेबाच्या खुर्चीत असतो, असं स्वतःला बोल लावत मधू चौथ्या दिवशी खरोखरच कण्हत आला.

"साहेब, आज रजा हवीच. त्या दिवशीच्या अगदी उलट कारणासाठी."



टिपणीसांनी शांतपणे खालच्या खणातून एरंडेलाची बाटली काढली.