सामाईक भिंत

ड्रिल भिंतीत असं शिरलं की पाशाला जोर लावावाच लागला नाही. त्यानं ते बाहेर काढलं, भोकात फुंकर मारली, तर लाल भुगा तोंडावर आला. बोल्ट घालून पाना फिरवला. बोल्ट आपला जागच्या जागी गरगर फिरत राहिला. झालं कल्याण, पाशा मनात म्हणाला.

फरशीवर रॅक पडलं होतं. लोखंडाचे दोन खांब, बिजागऱ्यांवर उघडणारे, काम झालं की भिंतीशी मिटणारे. वजनाचा दांडा खांद्यावर घेऊन बैठका मारायच्या, तर तो दांडा ठेवायला हे रॅक. ते बसवायला पाशाला गेवराईहून बोलावलं होतं, आणि बैठका मारणारी होती सुंदररावांची रोहिणी. शंभर किलो खांद्यावर घेऊन बसून उठणारी पोरगी. राज्याची निवड चाचणी महिन्यावर आली होती. नाक्यावरच्या जिममध्ये पोरं टकामका बघतात म्हणून सुंदररावांनी तिचं तिथं जाणं बंद केलं होतं. घरात काय करायचं ते कर, एवढाच त्यांचा शब्द. म्हणजे रॅक बसलं तर चाचणी, नाही तर विषय संपला.

"आण्णा, ही भिंत चार इंचाची हाय," पाशा म्हणाला. "वीटबी कच्ची. वजन टाकलं की भिंतीसकट पोरीच्या अंगावर यील."

"मग?"

"ती समोरची दगडाची हाय की. तिला लावू. हत्ती बांधला तरी हलायची न्हाई."

सुंदरराव खुर्चीतून उठलेच. "तिला हात लावू नका. ती सामाईक हाय."

पाशाच्या ध्यानात आलं. वाटणीत घर मधोमध चिरलं होतं. पलीकडं थोरले भाऊ पंडितराव, अलीकडं हे, आणि मधली भिंत कुणाची ते कोर्ट ठरवणार होतं. तोवर कुणी तिला हात लावायचा नाही. मागं पलीकडच्यांनी तिच्यात एक खुंटी ठोकली, तर सुंदररावांनी पोलीस आणले होते. पंचनामा झाला होता बरं का, खुंटीचा.

"चारच भोकं लागतेत," रोहिणी म्हणाली. "मी इचारून येते पंडितकाकांना." बाप तोंड उघडायच्या आत ती गेलीसुद्धा.

आता पलीकडून आरडाओरडा ऐकू येणार, असं पाशाला वाटलं. पण दोन मिनिटांत पोरगी परत आली ती हसत. "काका म्हणले, चार कावून, आठ पाड. लेखी पाहिजे तर लेखी देतो म्हणले."

पाशाला लई बरं वाटलं. तो ड्रिल घेऊन समोरच्या भिंतीकडं निघालाही. सुंदररावांचं तोंड मात्र कडू झालं होतं. भाऊ भांडला असता तर त्यांना सोसलं असतं.

"ठेवा ते ड्रिल," ते म्हणाले. "त्याची परवानगी घेतली म्हंजे भिंत त्याची झाली. उद्या त्याचा वकील उभा राहील, बघा साहेब, ह्यांनी आमाला इचारून भोकं पाडली."

"पप्पा, माझी चाचणी हाय."

"केस अकरा वर्षं चालली हाय, रोहिणे."

केस लागली तेव्हा रोहिणी तिसरीत होती.

पाशानं शेवटचं म्हणून सांगून बघितलं. "जमिनीवर उभं राहणारं करून देतो, आण्णा. भिंतीचं कामच न्हाई."

"ही बैठकीची खोली हाय, पाशाभाई. पावणे पोरीला बघायला येतेत. मधी लोखंडाचा मांडव दिसला तर काय सांगू? मिटवता येतं म्हणून तर हे आणलं. ठोका त्याच भिंतीत."

पाशाला वाटलं, पिशवी उचलावी आणि चालू पडावं. पण तो गेला तर दुसरा कुणी येईल, बसवेल, आणि पोरीला सांगेल की बिनधास्त उचल. त्याला स्वतःचाच राग आला. त्यानं भिंतीतून आरपार बोल्ट टाकले, मागून स्वयंपाकघराच्या बाजूनं लोखंडी पट्टी दिली, जमेल तेवढं घट्ट आवळलं. रॅक घट्ट बसलं. आता भिंत हलत होती.

सुंदररावांनी रॅक उघडलं, मिटवलं, परत उघडलं. "झकास," म्हणाले आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले.

रोहिणी खालच्या आवाजात म्हणाली, "खरं सांगा, चाचा. किती पेलंल?"

पाशा हत्यारं गोळा करत होता.

"साठ? चाळीस तरी?"

त्यानं मान वर केली नाही. त्याला लाज वाटत होती, आणि कशाची ते नीट सांगता आलं नसतं.

"ओले कपडे," तो म्हणाला.

रोहिणीनं खांबाला हात लावून जरासं दाबलं. भिंतीतून चिमूटभर भुगा तिच्या पायावर पडला.

तेवढ्यात रोहिणीची आई गीताबाई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन आत आल्या. अंगणात दोरी बांधायची तर चिंचेचं झाडही सामाईकातच होतं. उघडलेलं रॅक त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"लई कामाचं झालं की गं हे," त्या म्हणाल्या. "रोहिणे, चादरीचं एक टोक धर."

रोहिणीनं टोक धरलं.