बर्फातली कोळंबी

"थांब गं, ते नको," असं म्हणायला ठमाबाईने तोंड उघडलं. पण तोवर वृषालीने पाकीट फाडून कोळंबी परातीत ओतलीसुद्धा. खडखड आवाज झाला, खडी ओतावी तसा.

"ही कसली म्हणायची मासळी? दगडावाणी!"

"बर्फातली आहे आई. वाशीला दुकानात मिळते. सोललेली, साफ केलेली. पाण्यात टाकली की सुटते. हां हां म्हणता कालवण होतं बघ."

लेक पाच वर्षांनी घरात आली होती. जातीबाहेरच्या पोराचा हात धरून ती पिंपळवंडीतून गेली, ती गेलीच. पण यंदा चिकुनगुनियाने ठमाबाईला आडवं पाडलं. सांधे धरले, तोंडाची चव गेली. शेजारच्या कुशाबाईने ते फोनवर सांगितलं आणि पोरीला राहवलं नाही. आईचा कोळंबीवर किती जीव, ते तिला ठाऊक. म्हणून बर्फासकट वर्तमानपत्रात गुंडाळून, अख्खा माळशेज घाट चढून तिने ते पाकीट आणलं होतं. आता एवढी माया घेऊन आलेल्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई, ह्या घरात मासळीला बंदी आहे?

बंदी सयाजीने घातली होती. लेक गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पहाटे आंघोळ करून भैरोबाला गेला. तिथून आला तो थेट चुलीपाशी. रडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आजपासनं ह्या घरात मासळी शिजायची न्हाई. का म्हणून कुणी इचारायचं न्हाई."

त्यात विचारायचं काय? धरणावरचे मासे आणून, काटे काढून, लेकीला घास भरवणारा हा बाप. लेक मनातून काढली तशी तिची आवडही घरातून काढली. पुढे भावाच्या घरीही त्याने मासळीचं ताट बाजूला सारलं. एवढा राग! बापाचं काळीज म्हणावं का काय हे? ठमाबाई तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलायची.

"तसंच बांध अन् कुशाबाईच्या फ्रीजात ठिवून ये," ती म्हणाली. "आज पिठलं टाकू."

"लाइट कुठाय आई? काकूंचा फ्रीज दुपारपासून बंद पडलाय. बर्फ सुटला की शिजवायची, नाहीतर फेकायची."

फेकायची? ठमाबाईच्या तोंडाला तर पाणी सुटलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिने मनाशी हिशेब मांडला. सयाजी बेल्ह्याच्या बाजाराला बैल बघायला गेलाय. तो यायच्या आत दोन घास खायचे, भांडी घासायची, ऊद जाळायचा आणि पोरीला रात्रीपुरती कुशाबाईकडे धाडायची.

"कर मग. पण झटक्यात कर," ती म्हणाली.

वृषालीने लसूण ठेचला. कांदा लाल केला, घरचा मसाला टाकला, चिंचेचा कोळ ओतला. कोळंबी आत पडली आणि वास सुटला. वासाला कुणी दार लावावं! तो ओसरी ओलांडून अंगणात गेला. ठमाबाईचा जीव टांगणीला लागला होता आणि वृषाली आपली चमच्याने मीठ बघत होती.

तेवढ्यात एम-एटीची फटफट ऐकू आली.

"आलं!" ठमाबाई म्हणाली. "पोरी, मासळीला बंदी हाय घरात. तू गेलीस तवापासनं. तुझ्या आबांनीच घातलीय."

वृषालीच्या हातातला चमचा तसाच राहिला. "माझ्यामुळं?"

ठमाबाईला मान वर करवेना.

सयाजी ओसरीवर आला. उंबऱ्यापाशी शहरी चपला दिसल्या. तो थबकला. कंदिलाच्या उजेडात त्याने आधी लेकीकडे बघितलं, मग पातेल्याकडे. वळला, गाडीला किक मारली आणि निघून गेला.

"भगवंतभाऊजींना आणाया गेलं," ठमाबाई म्हणाली. सयाजीच्या ह्याच भावाने तेव्हा साऱ्या आळीदेखत सांगितलं होतं, पोरीने गावात पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन.

वृषालीने गॅस बंद केला. पिशवी उचलली. "जाते मी आई. तू मात्र दोन घास खा."

तेव्हा ठमाबाई उठली. आठ दिवस भिंत धरून चालणारी बाई, पण भिंत न धरता दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावले.

"आता न्हाई जायचं. एकदा गप बसले, ती पाच वर्सं जळले. काय व्हायचं ते माझ्यादेखत व्हऊ दे."

फटफट परत आली. अंगणात थांबली. ठमाबाई दारातून हलली नाही.

सयाजी एकटाच होता. कपाळाला गुलाल आणि हातात फोडलेला नारळ. त्याने अंगणातल्या मोरीत पाय धुतले. "सरक," बायकोला म्हणाला आणि आत येऊन पाट ओढून बसला. नारळाची एक वाटी त्याने लेकीपुढे धरली.

"वाढ, पोरी. तू दारात आल्याबिगर मासळी तोंडात घालणार न्हाई, आसं भैरोबाला बोललो व्हतो. लई वाट बघाया लावलीस."