एक पत्ता पाडा

"थांबा, थांबा," दिग्दर्शक म्हणाला. "हे फारच बिनचूक होतंय."

पत्तेवाल्याने पत्त्यांचा कॅट जुळवून टेबलावर ठेवला. घड्याळाच्या जाहिरातीत त्याचे फक्त हात दिसणार होते. एका हाताने कॅटचे तीन भाग करायचे, ते बोटांवर फिरवायचे, मधला भाग हवेत उडवून पुन्हा जागेवर घ्यायचा. जादू नाही, 'तुमचा पत्ता ओळखतो' नाही. नुसत्या एवढ्यासाठी कुणीतरी त्याला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

भिंतीपाशी ताई बसली होती. आठ वर्षं ती त्याला पोसत होती आणि आठ वर्षं एकच विचारत होती, "पण याचं पुढे काय?" गेल्या महिन्यात तिने निकाल देऊन टाकला होता. या हातांना एक जरी काम मिळालं, तरी ती पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही तर तिच्या ऑफिसात चिकटायचं, मुकाट्याने.

"बिनचूकच हवं होतं ना?" त्याने विचारलं.

"हो, पण लोक म्हणतील, कॉम्प्युटरवर केलंय. एक पत्ता पाडा. सहज निसटल्यासारखा. मग खरं वाटेल."

त्याने कॅट उडवला आणि अंगठा सैल सोडला. किलवरची सत्ती सुटली. टेबलाला टेकायच्या आत करंगळीने ती झेलली. त्याला झेलायची नव्हती.

दुसऱ्या वेळी अनामिकेने झेलली. तिसऱ्या वेळी डावा हात मध्ये आला. त्याचं तिथे काही कामच नव्हतं.

"अहो, साधा पत्ता पाडता येत नाही?" कॅमेरावाला म्हणाला. "माझी धाकटी पाडेल. आणू का तिला?"

सगळे हसले. दिग्दर्शक हसला नाही. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू. नाही तर हात काढून टाकू, नुसतं घड्याळ दाखवू."

ताई उठून जवळ आली. "पाड ना रे," ती हळू आवाजात म्हणाली. "पहिल्या वर्षी घरभर पाडायचास. मीच उचलत बसायचे."

"तेव्हा येत नव्हतं, ताई."

"मग आताही येत नाही असं समज."

अकराव्या वेळी त्याने करंगळी आणि अनामिका तळव्यात इतकी दाबून धरली की नखं रुतली. सत्ती सुटली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि खाली गेली.

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या ताईच्या. "बघा!" डोळे पुसत ती कॅमेरावाल्याला म्हणाली, "कला आहे हो त्याच्या हातात!"

"वा!" दिग्दर्शक म्हणाला. "आता कसे खरे कलाकार वाटताय. लगेच आणखी एकदा घेऊ. या वेळी दोन पाडा."