कॅल्क्युलेटरमधली शीळ

चार बारके सेल आणि एक गोल, बटणाएवढा सेल मालिनीने स्टीलच्या डबीतून काढून टेबलावर ठेवले. डबीच्या तळाला तांदूळ पसरलेले होते.

"मेअखेरीलाच काढले," ती म्हणाली. "टॉर्चचे, रिमोटचे, ह्या कॅल्क्युलेटरचेही. आपल्या हवेत पावसाळाभर आत राहिले तर पाझरतात. रेडिओ तसाच गेला ना."

"गोलसुद्धा काढलास?" शौनकने विचारलं.

"दर वर्षी चारच काढायचे. यंदा मागे आणखी एक झाकण दिसलं. चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडलं." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

शौनकने पाचही सेल बसवले आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी ओळ आली: मेमरी पुसली गेली आहे. ते चार सेल काढले तरी तो गोल सेल मेमरी धरून ठेवतो. दोन्ही एकदम काढले की काही उरत नाही.

"चालू झाला ना?"

"झाला."

"बघ. तुझ्या मामाने अमेरिकेहून पाठवलेला, अजून नव्यासारखा आहे."

शौनकचे वडील देवदत्त पलंगावर उशांना टेकून बसले होते. ऑगस्टमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, त्यात उजवी बाजू आणि वाचा गेली. समज शाबूत होती. डाव्या हाताचं बोट पलंगाच्या कडेवर एकदा आपटलं तर हो, दोनदा आपटलं तर नाही.

आंब्याच्या बागेतून परतताना घराच्या दगडी गडग्यापाशी आले की ते शीळ घालायचे. चाल त्यांची स्वतःची. ती ऐकू आली की मालिनी आमटी गरम करायला ठेवायची. शौनक बारावीत असताना त्यांनी त्याचा मोबाइल काढून घेतला, तेव्हा त्याने तीच चाल आकड्यांत लिहून ह्या कॅल्क्युलेटरमध्ये घातली. गणिताचं पुस्तक उघडं ठेवून तो ती हेडफोनवर ऐकायचा. एकदा देवदत्तांनी पकडलं. हेडफोन स्वतःच्या कानांना लावून त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "मेल्या, शेवट चुकलाय." शेवट दुरुस्त करून घेतला, मगच उठले.

स्पीच थेरपीच्या मॅडम गेल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, त्यांची एखादी स्वतःची चाल कानावर घाला, कधी कधी शब्दांच्या आधी सूर सुटतो. घरातल्या मोबाइलांमध्ये देवदत्तांचे हजारभर फोटो होते. शीळ एकही नव्हती. ती कॅल्क्युलेटरमध्ये आहे, हे शौनकला आठवलं आणि तो पुण्याहून त्याला हेडफोन जोडायची बारीक पिन घेऊन आला.

त्याने लॅपटॉप उघडला. आवाज काढणारा प्रोग्रॅम नेटवर होता, तो वायरने पुन्हा चढवला. चालीचे आकडे नेटवर असणार नव्हते, आणि त्यालाही आता आठवत नव्हते. वायर काढून त्याच भोकात त्याने पिन घातली, तिला हेडफोन जोडला आणि वडिलांच्या डोक्यावर बसवला. कानांवरच्या गाद्या जाड होत्या, बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

पहिला आकडा त्याने अंदाजाने घातला. बोट एकदा आपटलं. दुसरा. एकदा. सहा सूर बरोबर आले. देवदत्तांच्या तोंडाची डावी बाजू किंचित हलली. मालिनी खुर्ची ओढून जवळ बसली.

सातव्याला बोट दोनदा आपटलं.

शौनकने सूर चढवला. दोनदा. उतरवला. दोनदा. आणखी उतरवला. बोट पुन्हा दोनदा आपटलं, ह्या वेळी जोरात.

"आई, तू तर रोज ऐकायचीस. म्हणून दाखव ना पुढचं."

"मला रे कुठला सूर?" तरी तिने गुणगुणायला सुरुवात केली. चौथ्या सुरानंतर गाडी आरतीवर गेली. ती स्वतःच थांबली. "ऐकली की लगेच कळते. म्हणायला गेलं की जाते." मग तिने पडद्याकडे पाहिलं. "पण त्यात होती ना ती आधीपासून?"

"होती."

"मग?"

"जुना झालाय, आई."

मालिनीने सेलांची डबी उचलली, झाकण लावलं आणि मांडीवर घेऊन बसली. "सेल काढल्यामुळे नाही ना?"

"नाही."

देवदत्तांनी डावा हात वर केला. थांब. त्यांनी ओठांचा चंबू केला. डावी बाजू गोल झाली, उजवी लोंबतीच राहिली. छाती भरून घेऊन त्यांनी फुंकर घातली. नुसती हवा आली. ते थांबले नाहीत. डोळे मिटून, मध्ये मध्ये श्वास घेत, बोटाने पलंगावर ठेका धरत ते पुढे गेले. शौनकने कान त्यांच्या ओठांजवळ नेला. गालाला ऊब लागली. सूर कुठेच नव्हता.

शेवटाशी बोट हवेत जरा रेंगाळलं आणि खाली आलं. म्हणजे शेवटही झाला होता, दुरुस्त केलेला.

देवदत्तांनी डोळे उघडले. कपाळावर घाम होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या कॅल्क्युलेटरकडे, पुन्हा मुलाकडे. घेतलंस?

पडद्यावर सहा आकडे होते. सातव्याच्या जागी चौकोन उघडझाप करत होता.

शौनकने पलंगाच्या कडेवर बोट आपटलं. एकदा.