समुद्ररक्षक

“आजपासून अरबी समुद्राचं रक्षण आमचं स्वयंसेवक नौदल करील!” मालवणच्या धक्क्यावर कप्तानसाहेबांनी जाहीर केलं. नौदलात कापसाच्या पेढीतले अकरा गोरे कारकून होते आणि एक होडी. तीही हिरोजी तांडेलाची, सकाळीच सरकारी कामासाठी ओढून आणलेली. हिरोजीनंही स्वयंसेवक म्हणून नाव दिलं होतं. ‘समुद्राचा पुरेसा अनुभव नाही’ असा शेरा मारून साहेबांनी त्याला वल्ह्यावर बसवलं.

“सायबानू, ओहोटी लागली. होडी उजवीकडे घेवा, पुढे खडक आसा.”

“नकाशात नाही,” म्हणत साहेबांनी सुकाणू तसंच धरून ठेवलं.

खडकाला नकाशा कुणी दाखवला नव्हता. होडीचा तळ फुटला आणि ती तिथंच बसली.

हिरोजी कमरभर पाण्यात उतरला. तीन वर्षं पोट मारून बांधलेली होडी! फुटकी फळी हातात घेऊन तो गरजला, “मेल्या, माझ्या चार पोरांच्या तोंडातलो घास काढलंस! एक होडी सांभाळूक येणा नाय, नि समुद्र राखतलंस?”

कारकुनांनी माना खाली घातल्या. साहेबांनी शांतपणे पाण्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पांढऱ्या बुटांकडे.

“तांडेल, किनाऱ्यापर्यंत जरा पाठीवर घेतोस?”